भाग सुटे, माणसे मात्र सलग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी वृत्तपत्रांत व्हिडिओ गेमवर जे लिहून येते त्याचा साचा बहुतेक ठरलेला असतो. चित्रण कसे आहे, लढाई कशी जमली आहे, कथा किती तासांत संपते आणि शेवटी पाचपैकी किती तारे. सुट्या गेमसाठी एवढे पुरते. पण वर्षानुवर्षे चालणाऱ्या भूमिकाप्रधान मालिकांना, ज्यांना खेळणारे आरपीजी म्हणतात त्यांना, ही फूटपट्टी लागू पडत नाही. तिथे एखाद्या व्यक्तिरेखेची गोष्ट पहिल्या भागात सुरू होते, दुसऱ्यात वळण घेते आणि तिसऱ्यात संपते. ती कशी संपणार हे कित्येकदा पाच वर्षांपूर्वी निघालेल्या भागातल्या एका किरकोळ कामावर ठरलेले असते. तिसरा भाग थेट हातात घेऊन परीक्षण लिहिणाऱ्याला ही माणसे भेटतच नाहीत, त्यांच्या जागी बदलीवर आलेली भेटतात. मग 'कथा ठीक, पात्रे सपाट' असा शेरा पडतो. तो शेरा चुकीचा का ठरतो, हे तपशिलाने सांगण्यासाठी हे पत्र.

उदाहरण घेतो कॅनडातल्या बायोवेअर या स्टुडिओच्या 'मास इफेक्ट' मालिकेचे. पहिला भाग २००७चा, दुसरा २०१०चा, तिसरा २०१२चा, आणि तिन्ही मिळून कमांडर शेपर्ड या एकाच नायकाची, किंवा निवडाल तर नायिकेची, कथा. मे २०२१मध्ये तिन्ही भाग 'लेजेंडरी एडिशन' म्हणून एकत्र निघाले, त्यामुळे आज सुरुवात करणाऱ्याला सगळे एका जागी मिळते. ज्यांना कथा आधी कळायला नको असेल त्यांनी मधले परिच्छेद वगळून थेट खेळाच्या क्रमाबद्दल लिहिले आहे तिथे यावे.

आधी यंत्रणा समजून घेऊ. भाग संपला की सेव्ह फाइलमध्ये ढीगभर नोंदी राहतात: अमुक जिवंत, तमुक मेला, हे काम केले, ते अर्धवट सोडले. पुढचा भाग सुरू करताना ती फाइल जोडली की गेम त्या नोंदी वाचतो आणि त्यांप्रमाणे दृश्ये निवडतो. फाइल नसेल तर आपल्या पदरची ठरीव उत्तरे भरतो. लेखकांना हे आधीच ठाऊक असल्याने ते कथेतली जागा आणि त्या जागेवर उभा राहणारा माणूस वेगवेगळे धरून चालतात. जागा पक्की असते. माणूस मेला असेल तर दुसरा कोणी तिथे आणून उभा केला जातो, कथा पुढे सरकते, पण तिच्यातला जीव गेलेला असतो.

रेक्स पाहा. अर्डनॉट रेक्स हा क्रोगन जमातीचा भाडोत्री लढवय्या पहिल्या भागात शेपर्डसोबत असतो. क्रोगनांवर सलेरियन जमातीच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेला आणि ट्युरियन जमातीने पसरवलेला 'जेनोफेज' नावाचा रोग लादलेला आहे, त्यामुळे त्यांच्या हजार गर्भांमागे जेमतेम एक जगतो. व्हर्माइर या ग्रहावर कळते की खलनायक सॅरेनने या रोगावर इलाज शोधला आहे आणि ती प्रयोगशाळा उडवायची आहे. रेक्स बंदूक रोखून उभा राहतो. इथे त्याचा जीव वाचवायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे चार्म किंवा इंटिमिडेट या संभाषणाच्या कौशल्यांत आधीपासून पुरेसे गुण टाकलेले असणे. दुसरा म्हणजे मोहिमांच्या मधल्या वेळात जहाजावर रेक्सशी बोलत राहून, त्याच्या घराण्याचे चिलखत टॉन ॲक्टस नावाच्या ट्युरियनाकडून परत मिळवून देणे. हे दुसरे काम मुख्य कथेच्या वाटेवर नाही. घाईने खेळणारा ते करत नाही, आणि सगळे गुण शस्त्रांवर खर्च केलेले असले की संवादातले वाचवणारे पर्याय करडे, न निवडता येणारे दिसतात. मग रेक्स तिथेच समुद्रकिनाऱ्यावर मरतो, बहुधा ॲशली या साथीदार सैनिकेच्या गोळीने.

खेळणाऱ्याला वाटते, एक साथीदार गेला. खरे नुकसान कळायला दोन भाग जावे लागतात. रेक्स जगला तर दुसऱ्या भागात टुचांका ग्रहावर तो अर्डनॉट टोळीचा प्रमुख झालेला असतो, आपसात लढणाऱ्या टोळ्यांना एकत्र बांधू पाहणारा. मेला तर त्या आसनावर त्याचा भाऊबंद रीव्ह बसलेला असतो, ज्याला फक्त जुने वैर उकरायचे आहे. तिसऱ्या भागात जेनोफेजवरचा इलाज हवेत सोडायचा की गुपचूप बिघडवायचा, हा निर्णय येतो तेव्हा समोर रेक्स आहे की रीव्ह यावर त्या निर्णयाचा सगळा अर्थ अवलंबून असतो. रेक्सला फसवले तर ते त्याच्या कानावर जाते, तो सिटाडेल या अवकाशस्थानकावर शेपर्डला जाब विचारायला येतो आणि तिथेच मारला जातो. रीव्हच्या ते लक्षातही येत नाही.

याच प्रसंगात मॉर्डिन सोलसचा धागा येऊन मिळतो, आणि मालिकालेखनाचा इतका नेमका नमुना गेममध्ये क्वचित सापडतो. मॉर्डिन हा सलेरियन शास्त्रज्ञ दुसऱ्या भागात येतो. क्रोगनांनी रोगाशी जुळवून घ्यायला सुरुवात केल्यावर जेनोफेज सुधारून पुन्हा पसरवणाऱ्या पथकात तो होता. हे तो लपवत नाही. आकडे मांडतो, पर्याय मोजतो, दुसरे युद्ध टळले म्हणतो. मग त्याच्या स्वतःच्या मोहिमेत आपण टुचांकावरच्या एका पडक्या इस्पितळात उतरतो. त्याचा शिष्य मेलॉन तिथे पश्चात्तापापोटी इलाज शोधतो आहे, आणि त्यासाठी जिवंत क्रोगनांवर प्रयोग करतो आहे. एका टेबलावर स्वेच्छेने आलेल्या क्रोगन स्त्रीचे प्रेत असते. तोवर भरधाव बोलणारा मॉर्डिन तिथे थांबतो, तिच्यासाठी प्रार्थनेचे शब्द म्हणतो. त्याचे युक्तिवाद बदलत नाहीत, आवाज बदलतो. हे दृश्य दोन मिनिटांचेही नाही, पण तिसऱ्या भागातला मॉर्डिन इथे तयार होतो.

मोहिमेच्या शेवटी गेम विचारतो, मेलॉनच्या संशोधनाची नोंद ठेवायची की नष्ट करायची? त्या क्षणी दोन्ही उत्तरे सारखीच पटतात. ठेवली, तर तिसऱ्या भागात ईव्ह नावाची क्रोगन स्त्री, जिच्या शरीरावरून इलाज बनतो, ती वाचते. नष्ट केली, तर इलाज तयार होतो पण ती मरते. रेक्स आणि ईव्ह दोघेही असतील तर क्रोगनांना जबाबदार नेतृत्व मिळते आणि इलाज सोडणे सरळ न्यायाचे वाटते. मॉर्डिन जळत्या मनोऱ्यात वर जातो, इलाज सोडतो आणि तिथेच मरतो. हे काम दुसऱ्या कोणाकडून चुकले असते, हे त्याचे म्हणणे तोवर दोन भाग आपल्या कानात मुरलेले असते.

आता उलट बाजू. मॉर्डिनला वर न जाण्यासाठी पटवता येते, तो जगतो, पण त्यासाठी टोळीचा प्रमुख रीव्ह असावा लागतो आणि ईव्ह मेलेली असावी लागते. म्हणजे पहिल्या भागात रेक्स मेलेला आणि दुसऱ्यात नोंदी जाळलेल्या. रेक्स प्रमुख असताना इलाज बिघडवायचा असेल तर मनोऱ्याकडे निघालेल्या मॉर्डिनला पाठीमागून गोळी घालावी लागते. क्रोगनांचे भविष्य जितके चांगले, तितके मॉर्डिनचे मरण अटळ, अशी ही मांडणी आहे. ती २०१२च्या एकट्या गेममध्ये दिसत नाही, तीन भाग जोडले की दिसते. आणि दुसऱ्या भागातच मॉर्डिन मेला असेल तर? त्याच्या जागी पॅडॉक विक्स नावाचा दुसरा सलेरियन येतो. सभ्य, हुशार, आणि आपल्याला अनोळखी. तोही वर जातो, तोही मरतो. बदली माणूस म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने ही दोन दृश्ये लागोपाठ पाहावीत.

रॅनॉक या क्वेरियन जमातीच्या मूळ ग्रहावरचा प्रसंग याहून काटेकोर आहे, कारण तिथे उघड हिशेब चालतो. क्वेरियन आणि त्यांनीच बनवलेले गेथ यंत्रमानव यांच्यात तिसऱ्या भागात तह करता येतो. त्यासाठी टाली ही क्वेरियन साथीदार आणि लीजन हा गेथ साथीदार दोघेही दुसऱ्या भागातून जिवंत आलेले असावे लागतात आणि शेपर्डचा लौकिक पुरेसा वाढलेला लागतो. शिवाय सातपैकी किमान पाच गुण लागतात. टालीला तिच्या लोकांनी हद्दपार केलेले नसणे, याचे दोन. लीजनच्या मोहिमेत पाखंडी, म्हणजे रीपर या मुख्य शत्रूला मिळालेले, गेथ नष्ट करणे, याचे दोन. दुसऱ्या भागात टाली आणि लीजन यांचे भांडण कोणाचीही बाजू न घेता मिटवणे, एक. तिसऱ्या भागात क्वेरियन ॲडमिरल कोरिसला वाचवणे, एक. गेथ लढाऊ विमानांची मोहीम पार पाडणे, एक. हद्दपारीचे दोन आणि पाखंडींचे दोन असे दोन्ही हातचे गेले की उरतात तीन, आणि तहाचा पर्याय पडद्यावर येतच नाही.

इथे बहुतेकांची गल्लत होते ती पाखंडी गेथ प्रकरणात. तिथला दुसरा पर्याय म्हणजे त्यांना नष्ट न करता त्यांचे विचार बदलून मूळ गेथमध्ये परत सामावून घेणे. तो वरवर दयाळू दिसतो, गेमही त्याला पॅरागॉन म्हणजे सज्जनपणाचे गुण देतो. पण त्यामुळे गेथची ताकद वाढते, क्वेरियन आरमाराचे नुकसान अधिक होते आणि तह अवघड होतो. कथेच्या तर्काला धरून हे अगदी योग्य आहे. फक्त खेळणाऱ्याला त्याचा पत्ता पुढच्या भागात लागतो.

टालीच्या हद्दपारीचे मूळ तर आणखी मागे आहे. दुसऱ्या भागात तिच्यावर चालणाऱ्या खटल्यात तिच्या वडिलांनी केलेल्या प्रयोगांचा पुरावा आपल्या हाती असतो. तो मांडला तर ती सुटते, पण वडिलांचे नाव बुडाल्याने शेपर्डवरची तिची निष्ठा जाते. न मांडता सोडवायची तर पॅरागॉन किंवा रेनिगेड म्हणजे दांडगाईचे गुण भरपूर हवेत. ते कमी पडले तरी एक तिसरा मार्ग असतो, सभेतल्या लोकांनाच तिच्या बाजूने उठवायचे. तो उघडतो फक्त वीटर आणि काल'रीगर हजर असतील तर. वीटर हा दुसऱ्या भागाच्या पहिल्याच मोहिमेत सापडलेला भेदरलेला पोरगा आहे, त्याला सेर्बरस या मानवी संघटनेच्या ताब्यात न देता टालीबरोबर जाऊ दिलेले हवे. रीगर हा हेस्ट्रम ग्रहावरचा जखमी सैनिक आहे, त्याला रॉकेट घेऊन पुढे धावू न देता आडोशाला बसवलेले हवे. एका घाबरलेल्या मुलाला त्याच्या माणसांत परत पाठवल्याचे फळ एका ग्रहावरच्या तहात दिसते. मालिका लिहिणाऱ्यांच्या कसबाला दाद द्यायची ती अशा ठिकाणी.

हे सगळे दुसऱ्या भागाच्या शेवटच्या मोहिमेतून माणसे जिवंत आणण्यावर टिकून आहे, म्हणून तिच्याबद्दल नेमके सांगणे भाग आहे. जहाजाच्या तीन सुधारणा आधी करून घ्याव्यात: चिलखत, ढाल आणि थॅनिक्स तोफ. एकेक राहिली की एकेक साथीदार शत्रूच्या तळावर उतरण्याआधीच जातो. चिलखत नसले तर पहिली जाते जॅक. हवेच्या नळीतून जाण्यासाठी निष्ठावान (म्हणजे ज्यांची खासगी मोहीम आपण पार पाडली आहे अशांपैकी) टाली, लीजन किंवा कासुमी. दुसऱ्या तुकडीचे नेतृत्व गॅरस, मिरांडा किंवा जेकबकडे. जैवशक्तीचे कवच धरायला निष्ठावान जॅक किंवा समारा. नळीत जायला जेकब आपणहून पुढे येतो, कवच धरणे कोणीही जैवशक्तीवाला करू शकेल असे मिरांडा म्हणते, दोघांचेही ऐकू नये. सापडलेल्या कर्मचाऱ्यांना परत पोचवायला निष्ठावान मॉर्डिन धाडावा. कारण शेवटी मागे राहून दार राखणाऱ्यांची सरासरी काढली जाते. ग्रंट, झईद आणि गॅरस यांचे प्रत्येकी चार, मॉर्डिन, टाली, जॅक आणि कासुमी यांचा एकेक, बाकीच्यांचे दोन, आणि निष्ठा नसेल तर त्यातून एक वजा. मागे पाच किंवा अधिक जण असतील तर सरासरी दोनच्या खाली गेली की माणसे मरतात, आणि पहिला नंबर मॉर्डिनचा. अनेकांचा मॉर्डिन इथे जातो, आणि का गेला ते त्यांना कधीच कळत नाही, कारण गेम हा हिशेब दाखवत नाही. तगडे लढवय्ये आपल्याबरोबर शेवटच्या लढाईला न्यावेत असे कोणालाही वाटते, पण ग्रंट, झईद आणि गॅरस मागे ठेवावेत आणि टालीसारखीला सोबत घ्यावे. किमान दोन साथीदार वाचले नाहीत तर शेपर्डही मरतो, आणि ती फाइल तिसऱ्या भागाला जोडता येत नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. शत्रूच्या तळाकडे जाणाऱ्या ओमेगा-४ रिले या द्वारातून पार होऊ देणारे रीपर आयएफएफ हे उपकरण मिळवण्याची मोहीम लवकर उरकली की थोड्याच मोहिमांनंतर जहाजावरचे कर्मचारी पळवले जातात. त्यानंतर लगेच ओमेगा-४ रिले ओलांडला तर सगळे वाचतात. एक ते तीन मोहिमा मध्ये केल्या तर निम्मे जातात, त्याहून जास्त केल्या तर जहाजावरच्या डॉ. चॅकवास तेवढ्या उरतात. म्हणून लीजन सोडून बाकी सगळ्यांच्या निष्ठा मोहिमा आयएफएफआधी संपवाव्यात, मग लीजनला चालू करून त्याची मोहीम ताबडतोब करावी.

आता या पद्धतीची मर्यादा, कारण नुसते कौतुक करणे अप्रामाणिक होईल. ज्या व्यक्तिरेखेचा मृत्यू शक्य आहे तिच्यासाठी पुढच्या भागात दोन आवृत्त्या लिहाव्या लागतात, दोन्हींचे आवाज ध्वनिमुद्रित करावे लागतात, आणि त्यातली एक बऱ्याच खेळाडूंना दिसणारच नसते. निर्माते साहजिकच अशा व्यक्तिरेखांना कथेच्या कडेला नेऊन ठेवतात. दुसऱ्या भागात पुरवणी कथा धरून बारा साथीदार मिळतात. त्यांतले तिसऱ्या भागात पुन्हा पथकात येतात फक्त गॅरस आणि टाली. जॅक, मिरांडा, जेकब, समारा, ग्रंट यांच्या वाट्याला एकेक मोहीम आणि थोड्या गाठीभेटी. याउलट पहिल्या भागापासूनची साथीदार लियारा तिसऱ्या भागाआधी मरू शकत नाही, म्हणून कथेचे मोठे ओझे तिच्या खांद्यावर टाकता आले. तिसऱ्या भागात लियारा अति पुढे-पुढे करते अशी तक्रार असणाऱ्यांनी तिचे कारण इथे शोधावे.

काही निर्णय तर सरळ पुसले गेले. पहिल्या भागाच्या शेवटी सिटाडेलच्या सल्लागार मंडळावर मानवांचा प्रतिनिधी म्हणून अँडरसनला निवडले तरी तिसऱ्या भागात त्या खुर्चीवर उडिनाच असतो. रॅकनाय या कीटकसदृश जमातीच्या राणीला पहिल्या भागात नोव्हेरिया ग्रहावर मारले तरी तिसऱ्या भागात तिच्या जागी बनवलेली दुसरी राणी त्याच गुहेत साखळदंडात सापडते. इथे एवढा फरक मात्र ठेवला आहे की ही दुसरी सोडली तर पुढे दगा देते. जुन्या सल्लागार मंडळाला वाचवले काय, न वाचवले काय, त्याच तीन जमातींचे सदस्य तेच बोलतात.

आणि कधी चूक निव्वळ नोंद वाचण्यात होते. कॉनरॅड व्हर्नर हा शेपर्डचा भाबडा चाहता. पहिल्या भागात त्याची समजूत कितीही मायेने काढली तरी दुसऱ्या भागात तो म्हणतो, तुम्ही माझ्या तोंडावर बंदूक रोखली होती. फाइल जोडताना त्याची नोंद चुकीची वाचली जात होती. लेखकांनी तिसऱ्या भागात ही चूकच गोष्टीत ओवली, कॉनरॅडला त्या आरोपाबद्दल शेपर्डची माफी मागायला लावली आणि त्याला बऱ्यापैकी सन्मानाचा शेवट दिला. त्या शेवटात त्याचा जीव वाचतो तो जेना नावाच्या मुलीमुळे, आणि ती तिथे असते ती पहिल्या भागात तिच्या बहिणीच्या सांगण्यावरून तिला एका धोक्याच्या कामातून बाहेर काढले असेल तरच.

याच बायोवेअरची 'ड्रॅगन एज' मालिका या ओझ्याखाली हळूहळू वाकत गेली. २००९च्या 'ओरिजिन्स'मध्ये पवित्र अस्थिकलश भ्रष्ट केल्यास लेलियाना ही साथीदार आपल्यावर उलटते आणि तिला मारता येते. तरीही २०१४च्या 'इन्क्विझिशन'मध्ये ती हेरखात्याची प्रमुख म्हणून उभी असते. त्या वेळी फायली जोडण्याऐवजी 'ड्रॅगन एज कीप' नावाच्या संकेतस्थळावर जुने निर्णय एकेक करून भरण्याची सोय केली होती. २०२४च्या 'व्हेलगार्ड'मध्ये ती सोयही गेली, आणि मागच्या सगळ्या इतिहासातून तीनच गोष्टी विचारल्या गेल्या: इन्क्विझिटरचे, म्हणजे 'इन्क्विझिशन'च्या नायकाचे, प्रेम कोणावर होते, इन्क्विझिशन संघटनेचे काय केले, आणि त्याचा जुना साथीदार सोलास याला थांबवायचे की सावरायचे. सोलासच्या व्यक्तिरेखेला याचा फायदाच झाला, दहा वर्षांपूर्वीचा धागा नीट पकडला गेला. पण 'ओरिजिन्स'मधली साथीदार मॉरिगन समोर येते तेव्हा तिचा मुलगा किअरन, जो कित्येकांच्या 'ओरिजिन्स'मधल्या सर्वांत मोठ्या निर्णयातून जन्मला, त्याचा उल्लेखही होत नाही. हे खटकते, आणि खटकलेच पाहिजे.

जपानच्या फाल्कम कंपनीने नेमकी उलटी वाट धरली. त्यांच्या 'ट्रेल्स' मालिकेत कथा बदलण्याचा अधिकार खेळाडूला जवळपास नाही. कोण जगेल, कोण मरेल हे लेखकाने ठरवलेले. त्या बदल्यात कोणाचीही कथा कडेला ढकलावी लागत नाही. रेन या मुलीचा प्रवास पाहा. २००६च्या 'स्काय' दुसऱ्या भागात ती शत्रूपक्षाकडून येते, हसत-खेळत भयंकर गोष्टी करणारी लहान मुलगी. २००७च्या तिसऱ्या भागात एका बाजूच्या दारामागे तिचे बालपण उलगडते, आणि आईवडिलांनी आपल्याला विकले या समजुतीवर तिचे सगळे वागणे उभे आहे हे कळते. त्या समजुतीचे उत्तर मिळते २०१०च्या 'झिरो'मध्ये. नायक बदललेले, देशही बदललेला, आणि हेवर्थ नावाच्या एका व्यापाऱ्याचा हरवलेला मुलगा शोधण्याचे साधे काम समोर येते. बाप आपली जुनी कहाणी सांगू लागतो आणि रेन ती लपून ऐकते. त्या प्रसंगात ती काहीच बोलत नाही. 'स्काय'चे ते दोन भाग ज्याने खेळले आहेत त्याला हुंदका आवरत नाही, न खेळलेल्याला ते एक बरे उपकथानक वाटते. पुढे २०२१च्या 'डेब्रेक'मध्ये हीच रेन शाळेच्या विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष म्हणून येते, आणि तिचा तो शांत विनोदी स्वभाव किती किंमत मोजून आला आहे हे जाणकाराला सांगावे लागत नाही.

या मालिकेचा घोळ वेगळ्याच कारणाने झाला. इंग्रजी भाषांतरे क्रमाने आली नाहीत. 'कोल्ड स्टील'चे चारही भाग २०१५ ते २०२० या काळात निघाले, आणि त्यांच्या आधीच्या आणि त्याच काळातल्या घटना सांगणारे 'झिरो' आणि 'ॲझुर' मात्र अधिकृतपणे २०२२ आणि २०२३मध्ये. त्या वर्षांत इंग्रजीतून खेळणाऱ्यांना 'कोल्ड स्टील'च्या चौथ्या भागात 'स्काय'चे नायक एस्टेल आणि जोशुआ यांच्याबरोबर सुखाने राहणारी रेन आधी भेटली, आणि ती त्यांच्या घरात कशी आली ते नंतर कळले. आज हा अडथळा नाही. 'स्काय'चे तीन, मग 'झिरो' आणि 'ॲझुर', मग 'कोल्ड स्टील'चे चार, मग 'रेव्हरी', मग 'डेब्रेक', हाच क्रम धरावा. मधूनच 'कोल्ड स्टील'ने सुरुवात करा असा सल्ला सर्रास दिला जातो. लढाईची पद्धत नवी आहे म्हणून तो सोयीचा वाटतो, पण 'कोल्ड स्टील'च्या दुसऱ्या भागाच्या शेवटी दोन अनोळखी माणसे अचानक समोर उभी राहतात आणि त्यांच्यासाठी का हळहळायचे हे समजत नाही.

'मास इफेक्ट' खेळणाऱ्यांनी सेव्ह फाइलच्या बाबतीत काही पथ्ये पाळावीत. प्रत्येक भाग संपवून शेवटची नामावली येईपर्यंत खेळावा, मधल्या जतनावरून पुढे उडी मारू नये. व्हर्माइरला उतरण्याआधी, आयएफएफ मोहिमेआधी आणि ओमेगा-४ रिलेआधी स्वतंत्र जागेत हाताने जतन करावे, आपोआप होणाऱ्या जतनावर विसंबू नये, कारण ते पुढच्या टप्प्यावर पुसले जाते. पहिला भाग खेळायचाच नसेल तर दुसऱ्याच्या सुरुवातीची 'जेनेसिस' ही चित्रकथा मोठे निर्णय विचारून घेते. मात्र तिच्यात जेना नाही, आणि कॉनरॅडही नाही. तिसऱ्या भागात ग्रिसम अकॅडमीची मोहीम कळल्याबरोबर करावी. रेंगाळलात तर ती निघून जाते, आणि जॅक पुन्हा भेटते ती सेर्बरसच्या तळावर, शत्रूच्या फौजेत. थेन या आजारी साथीदाराला इस्पितळात भेटायचे ते सिटाडेलवरच्या बंडाआधी. मिरांडा बोलवेल तेव्हा प्रत्येक वेळी जावे, तिला अलायन्स या मानवी सैन्याची साधने वापरू द्यावीत आणि सेर्बरसचा मारेकरी काई लेंग याच्याबद्दल सावध करावे, नाहीतर होरायझन ग्रहावर ती मरते. समाराच्या मठात तिने स्वतःवर पिस्तूल रोखले की पडद्यावर हात धरण्याची खूण क्षणभर येते, ती सोडू नये. आणि 'सिटाडेल' ही मार्च २०१३ची पुरवणी कथा सेर्बरसच्या मुख्य तळावर जाण्याच्या जरा आधी खेळावी. तोवर जे जे वाचले आहेत ते ते त्या मेजवानीत येतात.

आपल्या पुरवणीत अशा मालिकेच्या नव्या भागाबद्दल लिहून येईल तेव्हा तो भाग आधीच्या नोंदी वाचतो का, किती वाचतो, न जोडल्यास कोणाला मेलेले धरतो, आणि कोणत्या जुन्या व्यक्तिरेखेची गोष्ट इथे पुरी होते, हे त्यात यावे अशी विनंती आहे. लेखकाने स्वतः तो भाग जुनी फाइल जोडून खेळला की कोऱ्या सुरुवातीने, एवढे तरी एका ओळीत छापावे.

कळावे,
आपले विश्वासू,
आरपीजी मालिका नेमाने खेळणारे काही वाचक